काकांचं शेवटचं रीळ

वर्षातून एका रविवारी दुपारी माझ्या खोलीच्या दारात लंडन उतरायचं. दिवाळीनंतरचा दुसरा रविवार. मी तेव्हा अमेरिकेत, मिनेसोटातल्या ईडन प्रेरीला एका मराठी घराच्या बेसमेंटमध्ये भाड्यानं राहत होते. त्या दिवशी घरमालक काका माझ्या खोलीचं रुंद घडीचं दार काढून भिंतीला टेकवून ठेवत आणि चौकटीत पांढरी चादर ताणून बसवत. सगळ्या बेसमेंटमध्ये चादरीला सुरकुती न पडणारी तेवढी एकच जागा आहे, असा त्यांचा सिद्धांत होता. खेळ सुरू झाला की मी आत असले तर आतच आणि बाहेर असले तर बाहेरच. माझी गैरसोय त्यांना मान्य होती. "पण थिएटरच्या शेजारी राहायचं म्हटलं की एवढं चालायचंच," ते म्हणायचे.

थिएटर म्हणजे बेसमेंट, आणि प्रोजेक्टर म्हणजे एका शाळेनं टाकून दिलेलं करड्या रंगाचं धूड. त्याला काका शिवणयंत्राचं तेल घालत. सिनेमा एकच होता. एका वाचनालयानं जुनी रिळं काढून टाकली, त्यात त्यांना तो मिळाला. ब्रिटिश, मुका, आणि इतका जुना की सुरुवातीचा भाग झिजून नावच उडून गेलेलं. त्यामुळे त्याला सगळे 'काकांचा सिनेमा' म्हणत. गावातल्या निम्म्या मराठी घरांत तोवर व्हीसीआर आले होते, आणि लोक एका बैठकीत तीन-तीन हिंदी सिनेमे संपवत होते. काकांना त्यांची कीव यायची. "अहो, ब्रिटिशांचा सिनेमा आहे हा," ते म्हणायचे. "दीडशे वर्षं राज्य केलं त्यांनी आपल्यावर. त्यांची लफडी घरबसल्या बघायला मिळतात, यापरता सूड तो कुठला?"

खेळाच्या दिवशी ते टाय लावत. एरवी ऑफिसातून आल्या आल्या दारातच टाय सोडणारा हा माणूस, पण बेसमेंटमध्ये उतरायचं म्हणजे टाय हवाच. त्यांची अकरा वर्षांची मुलगी चिनू जिन्यातून ओरडायची, "डॅड, नोबडी वेअर्स अ टाय इन द बेसमेंट!" काका तिला शांतपणे उत्तर द्यायचे, "बेटा, बेसमेंट ही मनाची अवस्था आहे."

अशी वाक्यं त्यांच्याकडे ढीगभर होती आणि ती कुठे वापरावीत याचा त्यांना धरबंध नव्हता. मी पुण्याहून सिव्हिलची डिग्री घेऊन गोठलेल्या मातीवर संशोधन करायला आले होते. विमानतळावर मला घ्यायला आलेल्या काकांनी आधी एक जुना जाड कोट माझ्या अंगावर चढवला. माझा विषय ऐकून म्हणाले, "योग्य ठिकाणी आलीस. इथे माती सहा महिने गोठते आणि माणसं बारा." त्या पहिल्या हिवाळ्यात मला बर्फावरून चालायला त्यांनीच शिकवलं. ऑफिसला जाण्याआधी ड्राइव्हवेवर पुढे होऊन पाय फाकवून चालून दाखवायचे. "बदकासारखं चालायचं. अब्रू गेली तरी चालेल, कंबर राहिली पाहिजे." हे सांगितलं पाहिजे, कारण पुढे जे सांगणार आहे त्यावरून हा माणूस वाईट होता असं कोणाला वाटेल. वाईट नव्हता. गोड होता, आणि तीच त्याची खोड होती.

सिनेमाची गोष्ट साधी होती. इंग्लंडमधल्या एका खेड्यात लेस विणणारी एक मुलगी. तिला लंडनला जाऊन नटी व्हायचंय. गावातला शाळामास्तर तिच्यावर जीव टाकून आहे. मग उंच हॅटवाला, टोकदार मिशांचा एक गृहस्थ येतो, तिला मोठ्या थिएटरची स्वप्नं दाखवतो आणि घेऊन जातो. तिथे तिला मागच्या खोलीत कपडे शिवायला बसवतो आणि आपण थिएटरमालकाच्या मुलीशी लग्न करून मोकळा होतो. काकांनी या सगळ्यांचं बारसं केलं होतं. ती इंदू, तो रावसाहेब, आणि मास्तर तो मास्तरच. मधूनमधून संवादांच्या पाट्या येत, त्यांवर वेलबुट्टीची वळणदार अक्षरं. पण पाटी आली की पडद्याशेजारी उभे राहून काका मराठीत बोलायला लागत, आणि पाटी संपली तरी बोलत राहत.

ते नेहमी रावसाहेबाच्या बाजूनं बोलत.

"नायक काय करतो हो?" मास्तराकडे बोट दाखवून ते विचारत. "रडतो आणि वाट बघतो. कामाचा माणूस गोष्टीत एकच. खलनायक! सकाळी उठतो, मिशांना पीळ देतो, गाडी पकडतो, खेडोपाडी जातो. त्याच्याशिवाय गोष्ट एक पाऊल पुढे सरकत नाही. आणि शेवटी त्यालाच शिव्या."

यात ऑफिसातलं दुखणं होतं, हे मला उशिरा कळलं. काका व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कंपनीत इंजिनियर होते. त्यांनी हाताखाली तयार केलेले तीन जण एकापाठोपाठ एक त्यांचेच साहेब झाले होते. तिसऱ्याच्या पार्टीहून आल्यावर ते बेसमेंटमध्ये उतरून प्रोजेक्टरला तेल घालत बसले होते. मी कॉफी नेऊन दिली. वर न बघता म्हणाले, "मी मास्तर आहे गं. मिशा उगवतच नाहीत मला."

पहिल्या वर्षी खेळाच्या दिवशी मला ताप होता, म्हणून मी आत राहिले आणि सगळा सिनेमा चादरीच्या मागून पाहिला. मागून चित्र उलटं दिसतं. रावसाहेब डाव्या हातानं हॅट काढतो, आणि पाट्यांवरची अक्षरं आरशातल्यासारखी. वाचण्याचा प्रश्नच नव्हता. जे काकांच्या तोंडून आलं ते मी खरं मानलं. इंदूला शिवणखोलीत बसवलं तेव्हा रावसाहेब म्हणाला, "इंदू, तुझ्यासाठी रात्रीचा दिवस करतोय. मालकाची मर्जी सांभाळायला नको?" मला रावसाहेबाची दया आली. ताप होता असं मघाशी म्हटलंच आहे.

चौथं रीळ चर्चबाहेर संपायचं. आत रावसाहेबाचं लग्न, बाहेर पावसात इंदू. मग दिवा लागायचा आणि काका टाय सारखा करून पुढे यायचे. "मंडळी, पाचवं आणि शेवटचं रीळ दुर्दैवानं अटलांटिक महासागरात बुडालं. तरी शेवट मी सांगतो." हा शेवट दर वर्षी वेगळा असायचा, असं जुनी मंडळी सांगत. एका वर्षी रावसाहेबाच्या बायकोला क्षय होऊन ती गेली. एका वर्षी रावसाहेबच आंधळा झाला. पण शेवटचा प्रवेश ठरलेला: रावसाहेबाला पश्चात्ताप होतो, इंदू त्याला क्षमा करते, आणि दोघं खेड्यात परत जाऊन लेसचा कारखाना काढतात. मास्तराचं काय, असं कोणी विचारलं तर काका म्हणायचे, "तो हिशोबनीस."

आता एका गाडीविषयी सांगायला हवं.

सिनेमात रावसाहेब इंदूला एक फोटो दाखवतो. भल्यामोठ्या थिएटरच्या खांबाला रेलून स्वतः उभा, जणू बापाचंच. तो तिथला साधा मॅनेजर असतो, हे तिला लंडनला पोचल्यावर कळतं. हा फोटो पडद्यावर आला की बेसमेंटमधल्या सहा बायका एका सुरात ओरडायच्या, "गाडी आली!" आणि हसून हसून डोळे पुसायच्या. काका तेवढा वेळ खोकल्याचं सोंग करायचे.

काका आणि त्यांचे पाच मित्र लग्नाआधी विद्यापीठाजवळच्या एका जुन्या घरात राहत होते. म्हातारी घरमालकीण नॉर्वेकडची, आणि तिच्याकडे लांबलचक पांढरी गाडी. स्थळं बघायची वेळ आली तशी घरून मागणी आली, मुलाचा अमेरिकेतला फोटो पाठवा. एका रविवारी सहाही जण त्या गाडीच्या बॉनेटला टेकून आळीपाळीनं उभे राहिले. कोटही दोनच होते. फोटो अमरावती, सोलापूर, डोंबिवली, जिकडे तिकडे गेले, आणि लग्नं जमली. मग मराठी मंडळाच्या पहिल्या दिवाळीला एका चर्चच्या हॉलमध्ये नव्या सुना भेटल्या. कोणीतरी पर्समधून फोटो काढला, मग दुसरीनं काढला. सहाही फोटो टेबलावर ओळीनं लागले. गाडी तीच, नंबरप्लेट तीच, डाव्या दिव्याखालचा पोचाही तोच.

"सहा मुली एकाच गाडीला दिल्या होत्या," सुलभामावशी सांगायच्या. त्याही या सहाजणींतल्याच. "आणि आम्ही विमानतळावरून घरी आलो बसनं."

बाकी पाच घरांत हा किस्सा तेवढ्यावर संपला. काकांच्या घरात नाही. काकूंनी मला ते एकदा पोळ्या लाटताना सांगितलं. काकू नागपूरच्या एम.एस्सी., विषय संख्याशास्त्र, सुवर्णपदक. इथे एका बियाण्यांच्या कंपनीत दिवसभर डेटा एंट्री करत आणि तिथल्या संख्याशास्त्रज्ञांच्या चुका कोणाला न दुखावता दुरुस्त करून टाकत. त्या म्हणाल्या, "त्या पाचजणींनी गाडीशी लग्न केलं. मी विद्यापीठाशी."

काकांनी फोटोबरोबर पत्र लिहिलं होतं. 'विद्यापीठ घरापासून चालत सात मिनिटांवर आहे. आपण आलात की लगेच पीएच.डी.साठी नाव घालू.' दुसऱ्या एका स्थळाला नकार देऊन काकूंनी या पत्राला होकार दिला. सहा महिन्यांनी व्हिसा मिळून त्या उतरल्या, तोवर काकांना व्हॉल्व्हची नोकरी लागून ते ईडन प्रेरीला आले होते. आजूबाजूला मक्याची शेतं आणि विद्यापीठ वीस मैलांवर.

"पत्र लिहिलं तेव्हा अक्षरन् अक्षर खरं होतं," काका आजही छातीवर हात ठेवून सांगतील. "पत्राला पोचायला वेळ लागतो. तेवढ्यात माणसानं घर बदलू नये का?"

आणि नाव घालायचं? "पुढच्या फॉलला." विद्यापीठाचं वर्ष फॉलमध्ये, म्हणजे सप्टेंबरात, सुरू होतं, म्हणून पुढच्या फॉलला. आधी काकांची नोकरी पक्की व्हायची होती, मग घर घ्यायचं होतं, मग मुलगी झाली, मग ती शाळेत जाईपर्यंत, मग 'हायवे तुला जमायचा नाही, मी आणायला-सोडायला मोकळा झालो की.' चौदा फॉल गेले. मी त्या घरात होते तेवढ्या काळातच हे दोन शब्द इतक्यांदा ऐकले की मला ते पदार्थात मीठ असावं तसे वाटायला लागले होते.

दुसऱ्या वर्षी मी पडद्याच्या पुढे बसले. पाट्या सुलट दिसत होत्या आणि मला सवयच आहे, समोर अक्षर आलं की वाचायचं. इंदू शिवणखोलीतून रावसाहेबाकडे येते, काहीतरी विचारते, आणि पाटी येते. काका म्हणत होते, "रात्रीचा दिवस करतोय इंदू." पाटीवर तसं काही नव्हतं. पाटीवर फक्त होतं, 'पुढच्या सीझनला.' थोड्या वेळानं ती पुन्हा येते. पुन्हा तीच पाटी. तिसऱ्यांदा आली, तेव्हाही तीच. मी मागे वळून बघितलं. काकू जिन्याच्या पायरीवर बसून शेंगा सोलत होत्या. पडद्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं. त्या काकांकडे बघत होत्या, एखादा विद्यार्थी फळ्यावर गणित कुठे चुकतोय ते बघावं तशा.

मी सुलभामावशींना बाजूला घेऊन म्हटलं, "मावशी, काका पाट्यांचं काहीच्या काही सांगतात."

"अगं, आम्हाला काय वाचता येत नाही?" त्या म्हणाल्या. "पण कीर्तनाला गेल्यावर कोणी पोथी उघडून ताडून बघतं का?"

त्या हिवाळ्यानंतर, एकदा मी बसला निघाले असताना, काकू कोट न घालता ड्राइव्हवेपर्यंत आल्या. म्हणाल्या, "तुझ्या कॅम्पसवर स्टॅटिस्टिक्सचं डिपार्टमेंट आहे ना? अर्ज आणशील? काकांना बोलू नकोस. झालं तर सांगू, नाही झालं तर कशाला." मी आणला. शिफारसपत्रं त्यांनी बियाण्यांच्या कंपनीतून मिळवली. ज्यांच्या चुका दुरुस्त करत होत्या तेच लिहायला बसले आणि भरभरून लिहिलं. सात-आठ महिने घरात दोन बायका एक गुपित सांभाळत होत्या आणि तिसरी, त्यांची मुलगी, सगळं कळून न कळल्यासारखं करत होती. उत्तर माझ्या डिपार्टमेंटच्या पत्त्यावर आलं. ॲडमिशन मिळाली होती, शिवाय शिकवायचं काम. जानेवारीत, विंटर क्वार्टरपासून. मी लिफाफा दिला तेव्हा काकूंनी तो वाचला, ओट्याच्या खणात चमच्यांखाली ठेवला आणि कुकरच्या शिट्ट्या मोजायला लागल्या. मग म्हणाल्या, "खेळाच्या दिवशी संध्याकाळी सांगते. त्या दिवशी ते खुशीत असतात."

हे माझ्या तिथल्या तिसऱ्या वर्षी. खेळाला नेहमीपेक्षा गर्दी होती. पॉटलकचं जेवण आटोपलं, खिडक्यांना ब्लँकेटं लागली, बाहेरच्या बर्फाचा उजेड बंद झाला. काकांनी टाय नवा लावला होता. प्रोजेक्टर सुरू करायच्या आधी ते पडद्यासमोर उभे राहिले.

"मंडळी, एक आनंदाची बातमी. मी सेक्शन मॅनेजर झालोय." टाळ्या. "कंपनी पार पश्चिम किनाऱ्यावर, बेलव्ह्यूला, नवं ऑफिस काढतेय. मी होकार कळवला. फेब्रुवारीत आम्ही निघू. तेव्हा या थिएटरातला हा शेवटचा खेळ समजा."

लोक उठून त्यांचे हात हातात घ्यायला लागले. मी जिन्याकडे पाहिलं. काकू चकल्यांचं ताट घेऊन उतरत होत्या. त्यांनाही ही बातमी आत्ताच, सगळ्यांबरोबरच कळत होती. त्यांनी ताट पायरीवर ठेवलं आणि त्याच्या शेजारी बसल्या. मला काकांचा इतका राग आला की तोंडातला बर्फीचा तुकडा कडू लागला. आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं तर तिथे निव्वळ आनंद होता, बक्षीस घेऊन घरी आलेल्या पोरासारखा. हा माणूस इतकी वर्षं ज्याची वाट बघत होता ते त्याला मिळालं होतं. आपण काही चुकीचं केलंय हे त्याच्या गावीही नव्हतं.

त्या दिवशी काका बेहद्द रंगले. रावसाहेबाचं त्यांनी नुसतं वकीलपत्र घेतलं नाही, त्याची आरती केली. "महत्त्वाकांक्षा हा काय गुन्हा आहे?" 'गाडी आली'ची आरोळी उठली, पण पाचच आवाज आले. बाकीच्यांच्या ध्यानात आलं नसेल, मी मोजले. चौथं रीळ संपलं. चर्च, पाऊस, इंदू. दिवा लागला. काका टाय सारखा करत पुढे आले.

"मंडळी, पाचवं आणि शेवटचं रीळ दुर्दैवानं..."

"थांबा," काकू म्हणाल्या.

त्या वर गेल्या आणि खाली आल्या तेव्हा त्यांच्या हातात बिस्किटांचा तो निळा गोल डबा होता. प्रत्येक मराठी घरात असतो, त्यात बिस्किटं कधीच नसतात. त्यांनी झाकण काढलं, वरचे दोरे, बटणं आणि टेप बाजूला केली आणि तळाशी असलेलं रीळ काढलं.

"अटलांटिकमध्ये नाही बुडालं," त्या म्हणाल्या. "माझ्याकडे आहे."

काकांचा चेहरा पांढरा पडला. खरं काय घडलं होतं ते काकूंनी मला नंतर सांगितलं. हा सिनेमा घरी आला तेव्हा पहिल्यांदा दोघांनीच बसून तो शेवटपर्यंत पाहिला होता. संपल्यावर काकू एवढंच म्हणाल्या, "बरं केलं तिनं," आणि चहा टाकायला वर गेल्या. दुसऱ्या दिवसापासून शेवटचं रीळ गायब. काकांनी ते हत्यारांच्या पेटीत लपवलं होतं. आठवड्याभरात काकूंना ते सापडलं. पेटीत त्यांनी रिळाचा रिकामा डबा ठेवून दिला. काकांनी तो पुन्हा कधी उघडलाच नाही. लपवलेली वस्तू जागेवर आहे का, हे बघायचं धाडस सगळ्यांना नसतं.

"ते जुनं रीळ आहे," काका म्हणाले. "मशीनमध्ये अडकेल. आणि मशीन माझ्याशिवाय कोणाला..."

काकूंनी रीळ चढवलं, फिल्मचं टोक दातेरी चाकांतून, भिंगामागून, खालच्या चाकातून सरसर ओवून घेतलं, सुईत दोरा ओवावा तसं, एकदाही न चुकता. मग बटण दाबलं. सुलभामावशी माझ्या कानात म्हणाल्या, "अगं बाई, हिला येतं!"

"चला, सांगा," काकू काकांना म्हणाल्या. "मंडळी थांबलीत."

मला वाटलं, काका वर निघून जातील. गेले नाहीत. पडद्याशेजारी आपल्या जागी उभे राहिले. पडद्यावर मुख्य नटी आजारी पडली होती. शिवणखोलीत बसून बसून इंदूला सगळं नाटक पाठ झालेलं. ती उभी राहते. प्रेक्षक उठून टाळ्या वाजवतात. काका सांगत होते, पण आवाज हळूहळू बसत चालला होता. मग रंगपटात रावसाहेब येतो, हॅट हातात धरून. पाटी येते. काका थांबले. बेसमेंटमध्ये नुसती प्रोजेक्टरची खडखड. मग त्यांनी पहिल्यांदाच पाटी वाचून सांगितली, जशीच्या तशी.

"रावसाहेब म्हणतो, राहा. पुढच्या सीझनला नक्की."

इंदू आरशासमोरून उठते. कोट घालते. फुलं खुर्चीवर ठेवते. शेवटची पाटी येते.

"ती म्हणते..." काकांनी घसा साफ केला. या वेळी खोकल्याचं सोंग नव्हतं. "ती म्हणते, आधीच उशीर झालाय."

इंदू दारातून बाहेर जाते. रावसाहेब खोलीत एकटा राहतो. रीळ संपलं आणि सुटं टोक फटफट वाजत राहिलं. कोणी दिवा लावला नाही. त्या पांढऱ्या उजेडातच काकू म्हणाल्या, "मला पीएच.डी.ला ॲडमिशन मिळालीय. जानेवारीत वर्ग सुरू होतात. तुमचं प्रमोशन झालं, खरंच चांगलं झालं. तुम्ही जा. मी आणि चिनू इथे राहू."

आधी टाळी कोणी वाजवली मला आठवत नाही. पण सहापैकी पाचजणी उभ्या होत्या हे आठवतं. त्यांचे नवरे चकल्यांचं ताट पुढे सरकवत होते.

मंडळी गेल्यावर मी दार बसवायला पुढे झाले. काका रीळ उलटं गुंडाळत होते.

"किती वेळा बघितलंस?" त्यांनी काकूंना विचारलं.

"नऊ. तुम्ही ऑफिसला गेलात की. वर्षातून एकदा."

"मग कधी बोलली का नाहीस?"

"तुम्ही शेवट किती तऱ्हांनी बदलता ते बघत होते," काकू म्हणाल्या. "सॅम्पल लहान होतं. एवढ्यावरून निष्कर्ष काढणं बरं नव्हे."

काका हसले. खरंच हसले, खांदे हलेपर्यंत, आणि मग चष्मा काढून टायनं पुसत बसले. मी दार तसंच सोडून आत गेले. दाराशिवाय आत जाऊन काय उपयोग, सगळं ऐकू येत होतंच. बाहेर काका पुन्हा रीळ गुंडाळायला लागले.

फेब्रुवारीत काका एकटे बेलव्ह्यूला गेले. भांडण झालं नाही. उलट जानेवारीभर रोज पहाटे उठून ते काकूंसाठी ड्राइव्हवेवरचा बर्फ काढत आणि बस स्टॉपपर्यंत पुढे बदकासारखे चालून दाखवत. जायच्या दिवशी प्रोजेक्टरचं तेल माझ्या हातात देऊन म्हणाले, "खलनायक शेवटी एकटा का पडतो, ठाऊक आहे?"

"का?"

"मलाही नाही. पाचवं रीळ मी दोनदाच बघितलंय." आणि गाडीत बसले. मला तेव्हा रडू आलं. का, ते विचारू नका. राग होताच.

एप्रिलमध्ये पाकीट आलं. मी आणि काकू सकाळच्या बसला निघालो होतो, काकूंनी ते स्टॉपवरच फोडलं. आत एक फोटो. पाऊस पडतोय, काका छत्री धरून, टाय लावून, एका लहानशा निळ्या गाडीला टेकून उभे. पाठीमागे लिहिलं होतं:

'गाडी माझीच आहे, नंबरप्लेट वाचावी. इथलं विद्यापीठ घरापासून बारा मैल. चालत जाण्यासारखं नाही. बस दोनदा बदलावी लागते आणि दुसरी वेळेवर येत नाही. मी स्वतः दोनदा जाऊन पाहिलं. येणार का?'

काकूंनी ते दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना त्यांची बोटं नंबरप्लेटवरून फिरली. मग फोटो वहीत घातला, वही पिशवीत घातली. समोरून बस येत होती.

"खरं लिहिलंय सगळं," मी म्हटलं.

"हो गं. पहिल्यांदाच."

"मग उत्तर?"

काकूंनी पिशवी खांद्याला लावली. चेहऱ्यावर हसू होतं, आणि डोळे भरले होते, दोन्ही लपवायचा त्यांनी प्रयत्न केला नाही.

"देईन ना," त्या बसची पायरी चढत म्हणाल्या. "पुढच्या फॉलला."